अकरावा दगड

करंजखेड्याच्या सरपंचांचा फोन आला तेव्हा मी धुळ्यातल्या घरी गवार निवडत बसले होते. "बाई, त्र्यंबक गुरुजीना नावनं पुस्तक काढी राह्यनूत. तुम्ही दोन पानं लिखी द्या. चांगलं लिखजा." मी म्हटलं, लिहिते. चांगलं लिहिते असं काही म्हटलं नाही. सरपंच माझाच विद्यार्थी. त्याला तो फरक कळला असणार, कारण फोन ठेवण्याआधी त्याने पुन्हा एकदा 'चांगलं लिखजा' म्हटलं.

गुरुजी दिवाळीत गेले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मला माहीत आहे. पण ते जिवंत असताना मी त्यांच्याबद्दल जे बोलत होते तेच आता लिहिणार आहे. त्यात काही बदलावं असं त्यांनी माझ्यासाठी केलेलं नाही. मला हा माणूस आवडत नव्हता आणि त्यांना मी आवडत नव्हते. या एका बाबतीत आमचं दोघांचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं.

तो पहिला दिवस सांगते. मी तेवीस वर्षांची. पारोळ्याहून टमटमने फाट्यावर उतरले आणि हातात बॅग घेऊन दोन किलोमीटर चालत शाळेत आले. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, चार खोल्या, समोर कडुलिंब. त्र्यंबक गुरुजी मुख्याध्यापक. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात बाभळीची काठी. मी रुजू होण्याचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते घेतलंच नाही.

"कुठल्या?"

"धुळ्याची."

"फाट्यापासून शाळेपर्यंत चालत आलात?"

"हो."

"किती पावलं झाली?"

मी हसले. मला वाटलं, थट्टा करताहेत. ते हसत नव्हते. "मोजली नाहीत," असं त्यांनीच म्हटलं, आणि मग कुठे पत्र घेतलं. त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी त्यांच्या लेखी 'धुळेवाल्या बाई'. माझं नाव त्यांनी हजेरीपटाबाहेर कधी घेतलं नाही.

गुरुजी पावलं मोजायचे. घरापासून शाळा, शाळेपासून विहीर, विहिरीपासून मारुती, सगळं त्यांच्याकडे पावलांत होतं. चालताना ओठ हलत असायचे. मध्येच कोणी रामराम घातला की त्यांचा आकडा चुकायचा. मग ते रामराम न घेता मागे वळायचे, निघालेल्या जागी जायचे आणि एकपासून पुन्हा सुरू. गावाला हे ठाऊक होतं. म्हातारी माणसं त्यांना वाटेत पाहिलं की दुसरीकडे बघायची. चावट पोरं मात्र मुद्दाम भिंतीआडून "गुरुजी, नमस्कार!" ओरडायची आणि पळायची. एकदा उन्हात तीन वेळा त्यांना विहिरीवरून परत मारुतीला जाताना मी पाहिलं आहे. तेव्हा मी पोरांना रागावले नाही.

इतिहास-भूगोल त्यांचा विषय. पण कुठला इतिहास आणि कुठला भूगोल? पुस्तकातला नाही. पुस्तकाचं ते तोंडही पाहायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, करंजखेड्याचा इतिहास आणि करंजखेड्याचा भूगोल, एवढं पोराला आलं की पुरे. खारी नाला कुठून येतो, काळी जमीन कुठे संपून मुरमाड सुरू होते, सात घराणी कुठून आली आणि कोणत्या घराण्याने आधी विहीर खोदली, हे पोरांना तोंडपाठ. परीक्षेत मात्र पोरं पटापट नापास.

एकदा सातवीला कॅनडाचा धडा होता. गव्हाची मोठमोठी शेतं, बर्फ, लाकडाच्या वखारी. धडा आला तसं गुरुजींनी पोरांना पुस्तकं मिटायला लावली. शेजारच्या वर्गातून मला सगळं ऐकू येत होतं. "कॅनडाना मास्तर तठल्या पोरेसले करंजखेडं शिकाडस का? नही ना? मंग आपले काय पडेल शे?" पोरं खूष. मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, हे बरोबर नाही. वार्षिक परीक्षेत त्यावर प्रश्न येतो." ते बशीतला चहा संपवत म्हणाले, "तुम्ही शिकवा मग. तुम्हाला कॅनडा काय, करंजखेडं काय, दोन्ही सारखेच परके." तो धडा मी शिकवला. त्या वर्षी कॅनडावरचा प्रश्न सगळ्या पोरांनी बरोबर सोडवला आणि हे मी गुरुजींना गुणपत्रकासह दाखवलं. त्यांनी गुणपत्रकावर सही केली, एवढंच.

आता शिवफेरी. सरपंचांना पुस्तकात हीच हवी आहे, मला माहीत आहे. गावाला तिचा फार अभिमान.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी सातवीच्या पोरांना घेऊन गावाची शीव, म्हणजे हद्द, चालायचे. पूर्ण शीव. कपाशी कमरेइतकी असायची, बांधावरून एकामागे एक रांग. शिवेचे सतरा दगड. अर्धे नुसते गोटे, कुठे चुन्याचा डाग राहिलेला. पूर्वेला आणि दक्षिणेला जळगाव जिल्ह्यातलीच गावं. पश्चिमेला धामणपूर, तो धुळे जिल्हा. प्रत्येक दगडापाशी गुरुजी एकेका पोराला पुढे घ्यायचे. हात दगडावर ठेवायला लावायचे आणि विचारायचे.

"हाऊ दगड कोना?"

"आपला."

"त्याना पल्याड कोन?"

"धामणपूर."

उत्तर बरोबर आलं की खाडकन थोबाडीत. हो, उत्तर बरोबर आलं की. मग पोराच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचे आणि म्हणायचे, "आते इसरशी का?" ते पोर गालावर हात ठेवून मान हलवायचं आणि रांग पुढे निघायची. मागच्या पोरांना हसू यायचं, कारण आपली पाळी व्हायची होती. सगळं झालं की गुरुजी घरी जाऊन एका लांब वहीत लिहायचे: दगडाचा आकडा, मागच्या दगडापासून पावलं, पोराचं नाव, वर्ष. पंचवीस-तीस वर्षांची नावं होती त्या वहीत. बाप आणि मुलगा दोघांनी एकाच दगडावर मार खाल्ला आहे अशी घरं होती आणि ती हे कौतुकाने सांगायची.

पहिल्या वर्षी मी काही बोलले नाही. दुसऱ्या वर्षी बोलले. ते म्हणाले, "सांगितलेलं पोर विसरतं, धुळेवाल्या बाई. मारलेलं विसरत नाही." मी म्हटलं, मारणारासुद्धा विसरत नाही का? ते म्हणाले, "माझ्याकडे वही आहे."

तिसऱ्या वर्षी गुलाब होती. खारी नाल्याच्या पलीकडे भिल्लांची वीसएक घरांची वस्ती आहे, तिथली. त्या वस्तीतून सातवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. बारीक, काळीसावळी, कानात पितळेच्या बाळ्या. गणितात सगळ्या वर्गाच्या पुढे. तिला सातवीपर्यंत आणायला मी किती वेळा नाला ओलांडून तिच्या आईच्या विनवण्या केल्या ते मलाच माहीत. अकरावा दगड वस्तीच्या पाठीमागे, एका लिंबाखाली. शीव तिथे वळते. गुरुजींनी तिलाच पुढे घेतलं.

"हाऊ दगड कोना?"

गुलाब म्हणाली, "आमना."

बाकीची पोरं 'आपला' म्हणत आली होती. हिने आपल्या घराच्या मागचा दगड म्हणून सरळ 'आमना', म्हणजे आमच्या वस्तीचा, म्हटलं. गुरुजींचा चेहरा लाल झाला. "तुमना कसाना वं? तुम्ही तं मांगून उनात!" आणि त्यांनी दोन ठेवून दिल्या. दुसरी कानावर बसली. बाळी कानात घुसली आणि मानेवरून रक्त आलं. गूळ-शेंगदाणे त्यांनी दिले नाहीत.

त्यांच्या त्या सात घराण्यांच्या इतिहासात वस्ती कुठेच नव्हती. वस्तीतले म्हातारे सांगायचे की गावाची शीव राखायला त्यांच्या पणज्यांना इथे आणून बसवलं. दगड कुठे आहेत हे आधी त्यांनाच ठाऊक होतं. गुरुजी ते ऐकूनही घ्यायचे नाहीत. ज्यांनी शीव राखली त्यांना या माणसाने शिवेबाहेर ठेवलं होतं, आणि तेही स्वतःला गावाचा इतिहासकार म्हणवून घेत. याची मला जितकी चीड आली तितकी आयुष्यात फार थोड्या गोष्टींची आली असेल.

गुलाब शाळेत परत आली नाही. मी तीनदा गेले. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, झायं तेवढं शिकनं." मग मी तक्रार लिहिली. चौकशीला शिक्षण खात्याचे साहेब आले. त्यांनी विचारलं, पुरावा काय? गावातलं कोणी बोलेना. मी गुरुजींच्या कपाटातून ती लांब वही काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. कोणत्या वर्षी, कोणत्या पोराला, कोणत्या दगडावर. स्वतःच्या हाताने लिहिलेलं. यापेक्षा चांगला पुरावा काय असतो? साहेब वही घेऊन गेले. गुरुजींना ताकीद मिळाली आणि शिवफेरी बंद झाली. वही परत आली नाही. साहेबांची बदली झाली आणि ती कुठे गेली कोणालाच माहीत नाही. गुरुजींनी तिच्यासाठी दोन-तीन अर्ज केले. ते अर्ज मीच टपालात टाकायला नेले होते, शाळेचं टपाल माझ्याकडे असायचं म्हणून. टाकले मी. पण मनातून म्हटलं, बरं झालं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंतची पाच वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. काम असलं की फळ्याकडे तोंड करून बोलायचे. "चौथीची हजेरी आली नाही." मीही फळ्यालाच सांगायचे, "टेबलावर ठेवली आहे." पोरांना वाटायचं, मोठ्यांची अशीच पद्धत असते. निरोपाच्या दिवशी सगळ्यांना त्यांनी पेढा दिला. माझ्या वाट्याचा टेबलावर ठेवला.

नंतर माझी बदली झाली आणि करंजखेडं सुटलं. गुलाबचा मात्र कधीमधी फोन यायचा. तिचं लग्न झालं, नवरा गेला, ती पोरांना घेऊन वस्तीत आईच्याच घरात राहायला आली. मागच्या वर्षी माघात फोन आला तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. "बाई, आमनी वस्ती उठाडी राह्यनात."

झालं होतं असं. धामणपूरच्या एकाने आपलं शिवेवरचं रान सोलरच्या प्लेटी बसवायला द्यायचं ठरवलं आणि मोजणी मागवली. त्याचं म्हणणं, वस्ती त्याच्या रानात आहे. करंजखेड्याचं म्हणणं, वस्ती गावाच्या गायरानात आहे. गायरानात असली तर घरं वस्तीवाल्यांच्या नावावर कायम होणार होती, कागद तयार होते. त्याच्या रानात असली तर वीसही घरं उठणार. दोन गावं, दोन जिल्हे, दोघांचे जुने नकाशे वळणापाशी एकमेकांशी जुळेनात. दहावा दगड जागेवर होता. अकरावा दिसेना. लिंब कधीच पडला होता, नाल्याच्या गाळाने सगळं भरून आलं होतं. भूकरमापक म्हणाला, "वळणाचा दगड दाखवा, पाच मिनिटांत रेघ मारतो." तेव्हा सगळ्यांना वही आठवली. गुलाबने मला ते सांगितलं. पोरांना वाचवायला म्हणून मी जे देऊन टाकलं होतं, तेच आज गुलाबच्या घराला हवं होतं.

मी मोजणीच्या दिवशी गेले. बसने पारोळ्याला आणि तिथून रिक्षाने. दोन्ही गावची माणसं जमली होती. वही नाही तर वहीवाला आहे, असं म्हणून सरपंचांनी गुरुजींना आणलं होतं. त्र्याऐंशी वर्षांचे. तेच कॅनव्हासचे बूट, तीच काठी, टोपीखाली चेहरा अगदी एवढासा. धामणपूरवाल्यांनाही गुरुजी चालत होते. या माणसाने शिवेबाबत कधी कोणाची बाजू घेतली नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. ठरलं असं की दगड सापडला तर उत्तम. नाही सापडला तर गुरुजी म्हणतील ती जागा, आणि दोन्ही गावांनी सही करायची. सरपंचांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

ते दहाव्या दगडापाशी उभे राहिले. म्हणाले, "चारशे दहा." तोंडपाठ होतं त्यांना. मग चालू लागले. कोणी बोलायचं नाही असं सरपंचांनी सगळ्यांना बजावलं होतं. शंभर माणसं मुकाट त्यांच्या मागे. ऊन चढलं होतं. ते चालत होते, ओठ हलत होते, आणि एका जागी थांबून त्यांनी काठी रोवली. "हाऊ आठे."

वस्ती अजून पुढे होती. त्या जागेवरून शीव वळली असती तर वस्ती सगळीच्या सगळी पलीकडे. धामणपूरवाला हसला. दोन गड्यांनी टिकाव घातले, कमरेइतकं खणलं, गाळाशिवाय काही निघालं नाही. भूकरमापकाने कागद काढला. मला वाटलं, हा माणूस मरता मरताही या पोरीला शिवेबाहेर काढणार. मी ओरडणार तेवढ्यात मागून गुलाब पुढे आली. पदर खोचलेला, अंगावर सिमेंटचे डाग. कामावरून तशीच आली होती.

"गुरुजी, दगड आठे नही शे. अजून पुढे शे."

"तुले काय माहीत?"

"माले नही तं कोले माहीत ऱ्हाई?"

ती चालत सुटली. मोजत वगैरे काही नव्हती. सरळ गेली, आपल्या घराच्या मागून वळली आणि उघड्या रानात एका जागी उभी राहिली. पाय जरा इकडे तिकडे केले. लांबच्या टेकडीकडे तोंड केलं. डोळे मिटले. "आठे. मनं तोंड टेकडीकडे व्हतं. लिंबनी सावली पायवर व्हती. आन तुमना हात आथाईन उना." आणि तिने उजव्या बाजूला हात केला. त्या बाजूची कानाची पाळी अजून चिरलेली आहे.

गुडघाभर खणलं आणि टिकाव खणकन वाजला. चुन्याचा डाग अजून होता. वस्तीतल्या बायका ओरडायला लागल्या, कोणी रडलं, सरपंचांनी भूकरमापकाच्या हातून टेप घेऊन दगडाला लावला आणि पुन्हा त्याच्याच हातात दिला. वीस घरं अलीकडे आली.

गुरुजी आपल्या खड्ड्यापाशीच उभे होते. गुलाब तिथे गेली. मी तिच्या मागे गेले, मला ऐकायचं होतं. मला वाटलं, ही आता त्यांना सुनावणार. तिने खाली त्यांच्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमनं पाऊल लहान व्हई गयं, गुरुजी."

म्हणजे आकडा बरोबर होता. चारशे दहाच होते. फक्त ती पावलं बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या माणसाची होती. म्हातारपणी आपलं पाऊल तोकडं होतं, हे सगळ्या गावाची लांबी मोजणाऱ्या माणसाच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. गुरुजींनी काठी उपटली आणि पाठ फिरवून दहाव्या दगडाकडे निघाले. पटलं नव्हतं. पुन्हा मोजणार होते.

दगडापाशी चहा आला होता, माणसं फोटो काढत होती. म्हाताऱ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ते दहाव्या दगडावरून निघाले. लहान लहान पावलं, ओठ हलत. मी आणि गुलाब त्यांच्या वाटेवरच उभ्या होतो. ते जवळ आले, अगदी जवळ, तीनशेच्या पुढे गेले असतील. आणि मी मोठ्याने म्हटलं, "नमस्कार, गुरुजी!"

मला माहीत होतं काय होणार ते. म्हणूनच म्हटलं. पाच वर्षं फळ्याशी बोलले होते मी, गुलाबचा कान बघितला होता, आणि त्या क्षणी मला फार बरं वाटलं, हे मी खोटं कशाला लिहू? ते थांबले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग मागे वळले आणि त्या उन्हात दहाव्या दगडाकडे चालू लागले.

मी गुलाबकडे पाहिलं. वाटलं होतं, ती हसेल. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचा हात उजव्या कानावर गेला होता.

मग ती माझ्या शेजारून निघाली आणि वाटेतल्या माणसांना बाजूला करायला लागली. "बोलू नका कोनी," ती म्हणत होती, "गुरुजी मोजी राह्यनात." लांब दहाव्या दगडापाशी पांढरी टोपी वळली आणि पुन्हा एकपासून सुरू झाली.